नातवाचा ट्रक आणि पोमोनाचे पोलीस

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण ऐकलंत तर हसाल. गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे ओहायोला होते आणि तिथे जवळजवळ सगळा वेळ मी ट्रकांच्या शर्यतींचा इतिहास वाचत होते! पस्तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. शिवकाल झाला, पेशवाई झाली, फ्रेंच राज्यक्रांती तर तोंडपाठ. पण 'कार्ब्युरेटर' हा शब्द कधी माझ्या लेखणीतून उतरेल असं वाटलं नव्हतं. असो. मुळापासून सांगते.

माझा नातू वीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी जावयांनी आणि त्याने मिळून एका शेतकऱ्याच्या गोठ्यात पडून असलेला शेवरोले कंपनीचा १९७२ सालचा सी-१० पिकअप ट्रक विकत घेतला. पिकअप म्हणजे पुढे तीन माणसं बसतील एवढी केबिन आणि मागे उघडा हौदा. आमच्याकडे भाजीमंडईत टेम्पो असतात ना, त्यांचाच अमेरिकेतला धिप्पाड चुलतभाऊ. खालचा पत्रा गंजून जाळी झालेला, हौद्याच्या लाकडी फळ्या कुजलेल्या, सीटमध्ये उंदरांचं बिऱ्हाड. लेक म्हणाली, "आई, पैसे देऊन भंगार आणलंय गं!"

पण ह्या दोघांनी तो खटारा घरच्या गॅरेजमध्ये पार खोलला. जुनं सहा सिलिंडरचं इंजिन काढून तीनशे पन्नास घनइंचाचं आठ सिलिंडरचं इंजिन आणलं, त्याचं बोअरिंग करून घेतलं, पिस्टन नवे घातले. गंजलेला पत्रा कापून नवा वेल्डिंग केला. पुढे डिस्क ब्रेक बसवले. पोराला एकच हौस, हा ट्रक रोज रस्त्यावरही चालला पाहिजे आणि शनिवारी शर्यतीतही पळाला पाहिजे.

हे वाटतं तितकं सोपं नाही, बरं का. शर्यतीत झटकन वेग घ्यायचा तर मागच्या आसाचा गिअर बदलावा लागतो. ह्यांनी ३.०७ चा काढून ३.७३ चा घातला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनकडच्या दांड्याचे तीनऐवजी पावणेचार फेरे. सुटताना गाडी उसळते, पण हमरस्त्यावर इंजिन सारखं ओरडत राहतं आणि पेट्रोल पितं. कॅमशाफ्ट जास्त ताकदीचा घातला की सिग्नलला उभं असताना इंजिन खोकायला लागतं. आणि पिकअपची मूळचीच एक खोड म्हणजे सगळं वजन पुढे आणि रिकामा हौदा हलका. जोरात सोडला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात, धूर निघतो, गाडी जात नाही. म्हणून ह्यांनी बॅटरीसुद्धा उचलून मागे हौद्याखाली नेली. दोन संसार एकाच पगारात चालवण्यासारखं आहे ते. इकडे थोडं वाढवलं की तिकडे कमी पडतं.

ट्रक उभा राहिला. आणि मी तिथे पोहोचण्याच्या महिनाभर आधी नातवाने रात्री सिग्नलला शेजारच्या गाडीशी शर्यत लावली. कोणाला काही झालं नाही. पण पोलिसांनी पकडलं, कोर्टात जावं लागलं, दंड झाला, तीन महिने लायसन्स निलंबित झालं. लेकीने जाहीर केलं की ट्रक विकायचा. जावई गप्प. नातू जेवायच्या टेबलावर येईना. मी विमानातून उतरते न उतरते तोच लेक म्हणाली, "आई, तूच सांग त्याला. तुझं ऐकतो तो."

खरं सांगायचं तर मी लेकीच्याच बाजूची होते. १९९० च्या सुमारास माझ्या वर्गातला एक मुलगा खंबाटकी घाटात मित्राशी मोटारसायकलची शर्यत लावून गेला. अठराही पूर्ण नव्हती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात अर्धा तास उपदेश केला. मुलं खाली माना घालून ऐकत होती. आठ दिवसांनी मोटारसायकली पुन्हा घाटात. तो अर्धा तास मला अजून टोचतो.

त्यामुळे ह्या वेळी ठरवलं, आधी अभ्यास करायचा, मग बोलायचं. मुलाला रागवण्याआधी त्याची वही पाहावी, हा जुना नियम. लेक मला गावातल्या सार्वजनिक वाचनालयात सोडायची. शर्यतीच्या विरोधात चांगले मुद्दे मिळतील म्हणून गेले होते. मिळालं भलतंच.

पहिली गोष्ट कळली ती ही, की घरी गाडी खोलून तिचं वेगळंच काही करायचं हे खूळ आजच्या पोरांचं नाही. ते शेतकऱ्यांपासून आलं. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या खपल्या. शेतकऱ्याने ती फक्त बसून फिरायला घेतली नाही. मागचं चाक उचलून त्यावर पट्टा चढवला की त्याच गाडीवर करवत चालायची, मक्याचे दाणे निघायचे, पाणी उपसलं जायचं, कपडे धुवायचं यंत्रसुद्धा फिरायचं! आणि मागची सीट काढून तिथे लाकडी खोका ठोकला की झाली मालगाडी. कंपनीने हे पाहिलं आणि १९२५ साली स्वतःच हौदा बसवलेली मॉडेल टी २८१ डॉलरला विकायला काढली. म्हणजे पिकअप आधी शेतकऱ्यांच्या अंगणात घडला, कारखान्यात नंतर आला. इतिहासाच्या पुस्तकात आम्ही शोध लावणाऱ्यांची नावं पाठ करून घेतो. हातोडी घेऊन खोका ठोकणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

दुसरं प्रकरण दक्षिण कॅलिफोर्नियातलं. तिथे वाळवंटात मुरॉकसारखी कोरडी तळी आहेत. मैलोन्‌मैल टणक, सपाट जमीन. १९२०-३० च्या दशकांत लॉस एंजेलिसकडची पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, छप्पर, जे जे काढता येईल ते काढून हलक्या करायची आणि तिथे पळवायची. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असं आठ सिलिंडरचं इंजिन काढलं, पासष्ट अश्वशक्तीचं. मग काय, भंगारात ती इंजिनं मिळू लागल्यावर पोरांना सोन्याची खाणच सापडली. सुरुवातीला अनेक गाड्या एकदम सोडायचे. पुढच्याच्या धुळीत मागच्याला काही दिसायचं नाही, आणि माणसं मरायची. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन एक संघटना काढली आणि घड्याळ लावून वेग मोजायची शिस्त आणली. पुढे मुरॉक लष्कराने घेतलं. आज तिथे एडवर्ड्स हा हवाई तळ आहे.

महायुद्ध संपलं आणि हजारो तरुण घरी आले. विमानांची, रणगाड्यांची इंजिनं दुरुस्त करून हात तयार झालेले, खिशात थोडे पैसे, आणि जिवावरच्या प्रसंगांची सवय लागलेली. वाळवंटातली तळी लांब, पण गावातला रस्ता दारात. सिग्नल ते सिग्नल शर्यती सुरू झाल्या. अपघात वाढले, वर्तमानपत्रांनी झोड उठवली. 'हॉट रॉड' म्हणजे गुंड असा अर्थ झाला. म्हणजे माझी लेक जेवायच्या टेबलावर जे म्हणत होती, तेच पाऊणशे वर्षांपूर्वी साऱ्या कॅलिफोर्नियातल्या आया म्हणत होत्या!

आणि इथेच मी थांबले. कारण पुढे जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं.

जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिक निघालं. पुढच्याच वर्षी त्याचे संपादक झाले वॉली पार्क्स. पोरांना रस्त्यावरून हटवायचं असेल तर त्यांना दुसरी जागा दिली पाहिजे, हे त्यांचं सांगणं. १९५० च्या जुलैत सांता आना इथल्या विमानतळाच्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर सी. जे. हार्ट नावाच्या गृहस्थांनी साथीदारांबरोबर दर रविवारी शर्यती सुरू केल्या. पैसे भरा, गाडी तपासून घ्या, पळवा, घड्याळ काय म्हणतं ते बघा, घरी जा. त्यांच्या पत्नी पेगी हार्ट स्वतः गाडी पळवायच्या, हे वाचून मला फार बरं वाटलं. १९५१ मध्ये पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तिची पहिली अधिकृत शर्यत एप्रिल १९५३ मध्ये पोमोना इथे झाली, जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये.

ही शर्यत उभी राहिली ती पोमोनाच्या पोलिसांच्या पाठबळावर. तिथले पोलीसप्रमुख राल्फ पार्कर आणि सार्जंट बड कून्स ह्यांनी पोरांना पकडून भागत नाही हे ओळखलं आणि त्यांच्याशी बोलणं सुरू केलं. १९५४ मध्ये तर हेच कून्स एक गाडी, मागे ट्रेलर आणि तीन साथीदार घेऊन देशभर हिंडायला निघाले. 'ड्रॅग सफारी' असं त्या फेरीचं नाव. ट्रेलरमध्ये वेळ मोजायची यंत्रं आणि लाउडस्पीकर. गावोगावच्या पोरांना आणि पोलिसांना एकत्र बसवून सुरक्षित शर्यत कशी भरवायची ते शिकवायचं. बरेचदा जागा म्हणजे युद्धात बांधलेली आणि आता ओस पडलेली धावपट्टी. १९५५ ची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कॅन्सासमधल्या ग्रेट बेंडच्या अशाच जुन्या लष्करी विमानतळावर झाली. (तिथे इतका पाऊस पडला की शेवटच्या फेऱ्या नोव्हेंबरात फिनिक्सला घ्याव्या लागल्या.)

वाचनालयात बसल्या बसल्या मला घाट आठवला आणि माझा तो अर्ध्या तासाचा उपदेश. मी मुलांना 'तिथे जाऊ नका' सांगितलं होतं. 'इथे या' म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. एका गणवेशातल्या माणसाला ते सुचलं, मला मास्तरीण असून सुचलं नाही.

आता ही शर्यत असते तरी कशी ते थोडक्यात सांगते. वळण नाही, चढ-उतार नाही. सरळ पट्टी, पाव मैल, म्हणजे १३२० फूट. मीटरमध्ये चारशे दोन. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात. पूर्वी एक माणूस मध्ये उभा राहून निशाण दाखवायचा. १९६३ पासून रंगीत दिव्यांचा खांब आला, त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने उतरत येतात, मग हिरवा. आधी निघालात तर लाल, संपला खेळ. शर्ली मल्डाउनी नावाची बाई ह्याच खेळातल्या सगळ्यात वेगवान वर्गात १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा विजेती झाली. १९८४ मध्ये भीषण अपघातात दोन्ही पायांचा चुराडा झाला, तरी १९८६ मध्ये परत आली. हे लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?"

पिकअप शर्यतीत कसा शिरला, हाही मजेशीर भाग आहे. १९५५ मध्ये शेवरोलेने एक आटोपशीर, हलकं आठ सिलिंडरचं इंजिन काढलं. पुढे त्याची मापं वाढत गेली, पण सांगाडा तोच. त्यामुळे एका गाडीतलं काढून दुसरीत बसवता येई. २०११ मध्ये ह्या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन तयार झालं! नातवाच्या ट्रकात बसलं ते ह्याच कुळातलं. शिवाय पिकअपला पुढे भरपूर जागा, हात सहज पोहोचतो आणि जुना मिळाला तर स्वस्त. आणखी एक गंमत म्हणजे ह्या सी-१० च्या मागच्या आसाला धरून ठेवणारे जे लांब दांडे आहेत, तीच रचना नॅसकारच्या मोठ्या शर्यतींतल्या गाड्यांनी उचलली आणि २०२२ मध्ये नवी गाडी येईपर्यंत वापरली. शेणखत वाहणाऱ्या गाडीचे दांडे ताशी तीनशे किलोमीटरला!

कंपन्यांनीही हात धुऊन घेतले. १९६० च्या दशकात डॉज कंपनीचा 'लिटल रेड वॅगन' हा पिकअप बनवला, तर मागे वजन इतकं गेलं की सुटल्याबरोबर तो मागच्या दोन चाकांवर उभाच राहिला. लोकांना तेच आवडलं आणि बिल गोल्डन वर्षानुवर्षं तो तसाच उभा करून पळवत राहिले. नातवाचा प्रश्न मागे वजन कमी, ह्यांचा प्रश्न मागे वजन जास्त! १९७८ मध्ये मोटारींना धुराचे कडक नियम लागले होते, पण जड पिकअपना ते सैल होते. डॉजने त्या फटीतून केबिनमागे दोन उभी धुराडी लावलेला 'लिल रेड एक्स्प्रेस' काढला. ताशी शंभर मैल गाठायला त्या वर्षीच्या अमेरिकन मोटारींपेक्षा तो कमी वेळ घेई. १९९१ चा जीएमसी सायक्लोन तर टर्बो लावलेला, दोनशे ऐंशी अश्वशक्तीचा. पण नातू म्हणतो, "आजी, विकत घेतलेला फास्ट ट्रक काय, कोणीपण घेतो." त्याच्या मोडक्या मराठीत तो फार मोठं बोलून गेला.

शेवटी मी लेक, जावई आणि नातू, तिघांना बसवलं. नातवाला पहिल्यांदा चांगलं झापलं. म्हटलं, "त्या सिग्नलला रस्ता ओलांडणारी माझ्यासारखी म्हातारी असती तर? तिला हेल्मेट कोण घालणार होतं?" तो रडला. मग सगळ्यांना पोमोनाची गोष्ट सांगितली. ठरलं असं: ट्रक विकायचा नाही. पण शर्यत फक्त पट्टीवर. रस्त्यावर एकदा जरी झाली तरी किल्ली आईकडे, कायमची. कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या. तो कागद फ्रिजवर लावलाय.

सप्टेंबरात एका शनिवारी आम्ही तासाभराच्या अंतरावरच्या पट्टीवर गेलो. लेकही आली, पण गाडीतून उतरायला तयार नव्हती. प्रवेशालाच लायसन्स पाहिलं. एका माणसाने बॉनेट उघडून, खाली वाकून ट्रक तपासला. ब्रेक, बॅटरीची पकड, कुठे तेल गळतंय का. चौदा सेकंदांच्या आत धावणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं. नातवाच्या ट्रकला ते लागत नव्हतं, तरी आजीच्या हुकुमावरून घातलं. अवतीभवती पाहिलं तर पोरं, बाया, नातवंडं घेऊन आलेले आजोबा. पाने आणि जॅक एकमेकांना उसने देणं चाललेलं. शेजारचा एक जण तर नातवाच्या कार्ब्युरेटरचा स्क्रू स्वतः येऊन पिळून गेला, आणि थोड्या वेळाने त्याच्याशीच शर्यत लावायला उभा राहिला!

सरावाच्या पहिल्या फेरीला चाकं जागीच फिरली. १५.१ सेकंद. टायरमधली हवा कमी केली. १४.७. मग स्पर्धा. तिची रीत मला फार आवडली. आपली गाडी किती सेकंदांत पोहोचेल ते काचेवर आधी लिहायचं. हळू गाडीला तेवढी आधी सोडतात. त्यामुळे शंभर वर्षं जुनी गाडीसुद्धा कोऱ्या गाडीशी खेळू शकते. पण लिहिलेल्यापेक्षा लवकर पोहोचलात तर बाद! स्वतःला नीट ओळखणं हीच परीक्षा. नातवाने १४.७० लिहिलं. समोर साठीचे एक गृहस्थ, घरच्या सतरा सेकंदांच्या मोटारीसह. नातू १४.६२ ला पोहोचला, म्हणजे लिहिल्यापेक्षा आठ शतांश लवकर. हरला.

ट्रकमधून उतरला तेव्हा चेहरा मात्र जिंकल्यासारखा. लेक कधी गाडीतून उतरून कठड्याशी येऊन उभी राहिली होती ते मला कळलंच नाही. तिने त्याला काही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "भूक लागलीय का?"

पट्ट्या आल्या म्हणून रस्त्यावरच्या शर्यती संपल्या, असं मी म्हणणार नाही. तिथे आजही रस्त्यावर पोरं मरतात. आणि आता पट्ट्याच कमी होत चालल्या आहेत. न्यू जर्सीतल्या एंग्लिशटाउनची ड्रॅग पट्टी २०१८ मध्ये बंद झाली, अटलांटाची २०२१ मध्ये, तर ह्यूस्टनजवळची आणि डेन्व्हरजवळची, १९५८ पासून चालत आलेली, अशा दोन्ही २०२३ मध्ये. गावं वाढत पट्टीपर्यंत येतात, जमिनीला भाव येतो, आवाजाच्या तक्रारी होतात. आवाज खरंच फार असतो, माझे कान दोन दिवस गुणगुणत होते. पण पट्टी बंद झाली म्हणून वीस वर्षांचं वय थोडंच बंद होतं? कून्स गावोगावी ट्रेलर घेऊन गेले तेव्हा ओस धावपट्ट्या तरी होत्या.

परत येताना पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी लागला. आता तिथे जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगळा आहे, तो जुना दुतर्फा घाट राहिलेला नाही. तरी त्या वळणावर मी सवयीने हात जोडले. त्या मुलाच्या सायलेन्सरचा आवाज शाळेत आम्हा सगळ्यांना ओळखू यायचा. त्याने तो स्वतः खोलून बदलला होता. मी कधी विचारलं नाही, कसा बदललास म्हणून.

असो, फार लांबलं. ज्यांच्या घरी असं काही खोलून ठेवणारं पोर असेल त्यांना एवढंच सांगणं, रागवायचं तेव्हा रागवा, पण एकदा खाली वाकून बघाही, काय खोललंय ते. गुडघे दुखतात, पण बघण्यासारखं असतं.